चड्डीला डाग पडतात ते जुलाबाचे नव्हेत

पत्र (थोडं आटोपतं घेऊन) :

‘डॉक्टर, आम्ही बेळगावजवळ खानापूर रस्त्याकडच्या एका गावात राहतो. माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे, गावच्या मराठी शाळेत पहिलीला जातो. दिवाळीपासून त्याचं संडासचं तंत्रच बिघडलंय. चार-चार, पाच-पाच दिवस जात नाही. गेला की एवढी मोठी आणि घट्ट शी होते की दोन बादल्या ओतल्या तरी जात नाही, आणि रडून घर डोक्यावर घेतो. मधल्या दिवसांत चड्डीला सारखे डाग, कधी कधी पातळच. एका दवाखान्यात दाखवलं, त्यांनी जुलाब समजून ते बंद व्हायचं औषध दिलं. त्यानं आणखीच बिघडलं. सासूबाई म्हणतात पोटात उष्णता झालीय, एरंडेल पाजा. दोनदा साबणाची कांडी लावून झाली. त्याला शी आली की कपाटाआड जातो, पायात पाय अडकवून उभा राहतो, तोंड लाल होतं, घाम फुटतो. “जा की रे” म्हटलं तर “मला आलीच नाही” म्हणतो. शाळेत पोरं नाक धरून चिडवतात. मिस्टर उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, दमून येतात आणि डाग दिसला की हात उचलतात. बंद झालेलं अंथरुणात शू करणंही आता परत सुरू झालंय. दुसऱ्या डॉक्टरांनी पावडर लिहून दिली होती, पण शेजारच्या काकू म्हणाल्या सवय लागेल, म्हणून तीन दिवस देऊन ठेवून दिली. शिवाय माझ्या जावेचं बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावरच पितं. त्यानं सहा दिवस शी केलेली नाही. घरातच असं आहे का?’

ताई,

तुमच्या मुलाला जुलाब होत नाहीत. त्याला बद्धकोष्ठता आहे, आणि दिवाळीपासूनची म्हणजे चांगलीच मुरलेली. पातळ डाग बघून जुलाब वाटणं साहजिक आहे. गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटांत हे निसटतं. पण तुमच्या पत्रात सगळं आलंय. चार-पाच दिवसांचा खाडा, मग भली मोठी घट्ट शी, आणि मधल्या काळात चड्डीला डाग, हे तिन्ही एकत्र दिसलं की निदान जवळजवळ झालंच. पोटावर हात ठेवून डॉक्टर खात्री करतील तेवढंच. बहुतेक मुलांना त्यासाठी एक्स-रे किंवा सोनोग्राफी लागत नाही.

आत काय चाललंय ते आधी सांगते, कारण ते कळलं की घरातली अर्धी भांडणं मिटतील. आतड्याचं शेवटचं टोक, गुदाशय, एरवी रिकामं असतं. शी तिथं उतरली की ताण बसतो आणि आपल्याला कळतं की जायला हवं. तुमच्या मुलानं ती कळ पुन्हा पुन्हा दाबली. मोठ्या आतड्याचं काम शीतलं पाणी शोषून घ्यायचं, आणि ते काम काही थांबत नाही. शी जितका वेळ आत, तितकी ती कोरडी आणि टणक. तिच्यावर रोजची नवी साचत जाते. महिन्यामागून महिने असं चाललं की गुदाशय ताणून रुंद होतो आणि त्याची जाणीव बोथट होते. शेताच्या पाटात मोठा दगड अडकला की पाणी कडेकडेनं वाट काढतं, तशी वरची पातळ शी त्या गोळ्याच्या बाजूनं झिरपते आणि चड्डीत येते. पोराला ती कळत नाही, थांबवताही येत नाही. ‘मला आलीच नाही’ म्हणतो तेव्हा तो खरं बोलत असतो. वासाचंही तसंच, जो सतत त्यातच असतो त्याच्या नाकाला तो जाणवेनासा होतो.

आता लक्षात येईल की जुलाब बंद करणाऱ्या औषधानं का बिघडलं. त्यानं आतड्याची चाल आणखी मंदावते. ते पुन्हा देऊ नका. आणि अंथरूण ओलं होणं हे वेगळं दुखणं समजू नका. भरलेला गुदाशय पुढच्या मूत्राशयावर दाब देतो. पोट मोकळं झालं की बऱ्याच मुलांचं हे आपोआप कमी होतं. मात्र लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर लघवी तपासून घ्या, कारण अशा मुलांना लघवीचा संसर्गही जास्त होतो.

कपाटाआडच्या त्या उभं राहण्याकडे एकदा नीट बघा. सगळे म्हणतात, ‘बिचारा कुंथतोय, पण होतच नाही.’ पुढच्या वेळी त्याच्या पायांकडे नजर टाका. टाचा उचललेल्या असतील, मांड्या एकमेकींना चिकटलेल्या, ढुंगण आवळलेलं, हात कशाला तरी घट्ट धरून. कुंथणारं मूल खाली बसतं, पाय फाकवतं. हा ताठ होतोय, कारण तो शी आत धरून ठेवतोय. एकदा कधीतरी खडा शी झाली असणार. तापात पाणी पोटात गेलं नाही, फराळाच्या दिवसांत भाजीला सुट्टी मिळाली, शाळेचा संडास बघून पाय मागे आला, सुरुवात अशाच कशानं तरी होते. त्या खड्यानं शीच्या जागी बारीक चीर पडते, आग होते, आणि मूल मनाशी पक्कं करतं की पुन्हा तिकडे फिरकायचं नाही. जितकं दाबून ठेवावं तितकी पुढची जास्त दुखते. म्हणजे त्याचा निश्चय आणखी पक्का.

पुढचा भाग मिस्टरांना वाचायला द्या. भाऊ, दिवसभर भट्टीजवळ काढून घरी आल्यावर हे बघायला लागतं, तुमचा वैताग मला कळतो. पण तुम्ही मारलंत म्हणून तो संडासात जाणार नाही. तो डाग लपवायला शिकेल. चड्डी गादीखाली किंवा दप्तरात खुपसलेली सापडली तर समजा ती वेळ आलीच. डाग दिसला की काही न बोलता बदलायला सांगा, धुवायला टाका, झालं. शिक्षा नको, आणि रोज चारचौघांत ‘आज झाली का?’ ही चौकशीही नको. पै-पाहुण्यांसमोर तर नकोच नको.

आता औषध. मुलांच्या बद्धकोष्ठतेच्या उपचारासाठी आपल्याकडच्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यांतही पहिली पसंती पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या पावडरीलाच आहे. ती जमत नसेल तर लॅक्ट्युलोजचं सिरप. तुम्ही ठेवून दिलेल्या पाकिटावर नाव बघा, बहुधा यांपैकीच एक निघेल. पॉलिएथिलीन ग्लायकॉल जवळजवळ सगळंच आतड्यातच राहतं, रक्तात जवळपास उतरत नाही. ते पाणी धरून ठेवतं आणि शी मऊ होते. आतड्याला चाबूक मारून पळवणाऱ्या औषधांतलं ते नाही. त्याची सवय लागते ही समजूत आपल्या भागात घरोघरी आहे, आणि मूल वर्षानुवर्षं रखडण्याचं सगळ्यात मोठं कारणही हीच समजूत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. औषध बंद केल्यावर त्रास परत येतो तो सवयीमुळे नाही. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायच्या आत औषध थांबवलेलं असतं.

उपचाराचे टप्पे दोन. पहिला साफ करण्याचा. आत साचलेला गोळा निघाल्याशिवाय पुढचं काहीही लागू पडत नाही. भाजी नाही, फळ नाही, सवय लावणं नाही. त्यासाठी पावडरीचा मोठा डोस तीन ते सहा दिवस देतात, दर किलो वजनाला रोज १ ते १.५ ग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला रोज २० ते ३० ग्रॅम. नेमका डोस तुमचे डॉक्टर वजन करून ठरवतील. मी आकडा सांगितला तो एवढ्यासाठी, की नाहीतर चिठ्ठीवरचा डोस बघून तुम्ही घाबरून अर्धा कराल. या दिवसांत चड्डीचे डाग आधी वाढतात, पोटात थोडं मुरडतं. औषध उलटलं असं समजून थांबवू नका. शाळेला सुट्टी जोडून आली असेल तेव्हा हे करा, म्हणजे त्याची फजिती होणार नाही. गोळे-खडे बाहेर पडून नंतर पातळ, पाण्यासारखी शी व्हायला लागली की साफ झालं समजायचं.

दुसरा टप्पा लांबचा. रोज कमी डोस, किलोमागे साधारण ०.२ ते ०.८ ग्रॅमच्या दरम्यान, रोज एकदा न दुखता मऊ शी होईल इतका. हे किमान दोन महिने. शिवाय सगळा त्रास थांबून एक महिना उलटल्याशिवाय कमी करायला घ्यायचं नाही, आणि कमी करताना हळूहळू करायचं. तुमच्याकडे इतके महिने गेलेत तेव्हा दोन महिन्यांत आटोपेल असं मी म्हणणार नाही. नीट उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास मुलं सहा ते बारा महिन्यांत औषधाशिवाय नीट जायला लागतात. बाकीच्यांना जास्त वेळ लागतो. मध्ये एखादा ताप, एखादा प्रवास, की परत अडकतं. तेव्हा डोस वाढवून पुन्हा मोकळं करायचं, एवढंच.

सासूबाईंच्या एरंडेलाबद्दल. त्यांनी त्यांच्या काळात मुलं वाढवलीत, त्यांना फटकारू नका, माझं नाव सांगा. एरंडेलानं पोटात कळा येतात, एक दिवस धावपळ होते आणि चौथ्या दिवशी पहिल्यासारखंच. शिवाय शी म्हणजे कळा, हे त्याच्या मनात अधिकच ठसतं. साबणाची कांडी मात्र ताबडतोब बंद. साबणानं आतली नाजूक त्वचा सोलवटते, आणि ज्या जागेचीच पोराला भीती बसलीय तिथं जबरदस्तीनं काही घालणं म्हणजे सगळ्या प्रयत्नांवर पाणी ओतणं. एनिमाही तोंडानं घ्यायच्या औषधाचा उपयोग झाला नाही तरच, तोही दवाखान्यात.

दूध किती पितो हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण खेड्यातल्या घरी म्हैस असली की ‘निदान दूध तरी पिऊ दे’ म्हणून दोन-तीन पेले जातातच. त्यात सरकारी शाळेत क्षीरभाग्य योजनेचं दूध मिळतं ते वेगळं. या वयात दिवसाला सगळं मिळून चारशे ते पाचशे मिलिलिटरच्या वर दूध नको. दुधानं पोट भरतं आणि भाकरीला जागा राहत नाही. चहात बुडवून खारी, टोस्ट, बिस्किटं हा नाश्ता बंद करायला सांगितलं की बेळगावात लोक माझ्यावर रुसतात, पण मैद्यात चोथा नसतो त्याला मी काय करू? कुंद्याला, आपल्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईला, मात्र मी दोष देणार नाही, तो कुणी रोज थोडाच खातं.

खायला काय द्यायचं ते तुमच्या शिवारातच आहे. जोंधळ्याची भाकरी, मोड आलेल्या मुगाची किंवा चवळीची उसळ, पालेभाजी, पेरू, पपई, रात्री भिजवलेले काळे मनुके. आणि रताळं. बेळगाव-खानापूर पट्ट्यातून गाड्या भरभरून रताळी बाहेर जातात आणि आपल्या घरात ती फक्त उपासाला शिजतात. स्वच्छ धुऊन सालीसकट उकडून द्या. पिकलेलं केळं चालतं, त्यानं पोट बांधतं म्हणून शाळेत मिळालेलं केळं परत आणायला सांगू नका. पाणी दिवसभरात लिटर-सव्वा लिटरपर्यंत, उन्हाळ्यात त्याहून जास्त, थोडं थोडं करून. एक सांगते, नेहमीचं चौरस खाणं पुरतं. चोथा दुप्पट-तिप्पट करून जास्त फायदा होत नाही, आणि आत गोळा असताना इसबगोल घातलात तर गोळ्यावर भर पडेल. म्हणून आधी साफ, मग ताट.

संडासची सवय. जेवल्यावर पोट भरलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं. त्याचा फायदा घ्यायचा. सकाळच्या खाण्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच ते दहा मिनिटं बसवायचं, त्याहून जास्त नाही. शी झाली नाही तरी उठू द्यायचं आणि ‘बसलास, शाबास’ म्हणायचं. शाबासकी बसण्याची. होणं न होणं त्याच्या हातात नाही. तुमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उकिडवं बसणं उत्तमच, पण एकदा स्वतः त्याच्या उंचीवर वाकून बघा. मोठ्यांच्या मापाचं भांडं, पायाची पकड बसत नाही, दिवा मंद, मागच्या दारी अंधारात जायचं. मूल पडायच्या भीतीनं सगळं अंग आवळून बसतं, आणि आवळलेल्या अंगातून शी बाहेर येत नाही. धरायला भिंतीत एक दांडा किंवा समोर जड स्टूल ठेवा, बल्ब बदला, पहिले काही दिवस दाराशी तुम्ही थांबा. कमोड असेल तर पायाखाली पाट हवा, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. लोंबकळत्या पायांनी जोर लागत नाही. जोर कसा लावायचा हे कळत नसेल तर बसल्यावर फुगा फुगवायला द्या, पोट आपोआप खाली दाब देतं. मोबाइल मात्र नको. मोबाइल घेऊन बसलेलं मूल अर्धा तास बसतं, शी करायची विसरतं.

शाळेत बाईंना एकटं गाठून सांगा, वर्गासमोर नको. काय झालंय ते दोन वाक्यांत, आणि मागणी एकच की त्यानं बोट वर केलं की लगेच जाऊ द्या. दप्तरात पिशवीत गुंडाळून एक चड्डी आणि ओलं फडकं ठेवा, कुठं बदलायची ते बाईंशी ठरवून ठेवा. शाळेच्या संडासला कडी नसेल तर शाळा सुधारणा समितीच्या, म्हणजे एसडीएमसीच्या, बैठकीत विषय काढा. तुम्ही एकट्याच नसाल, आणखी तीन-चार आया ‘हो हो’ म्हणत उभ्या राहतील.

डॉक्टरांकडे परत जाताना एक वही न्या. तारीख, शी झाली की नाही, खडा होती की मऊ, दुखलं का, डाग पडला का, औषध किती दिलं, एवढंच खुणा करून लिहायचं. जिल्ह्याच्या दवाखान्यात समोरचे डॉक्टर कन्नड बोलणारे असले आणि तुमची जीभ अडली, तरी वहीतल्या बरोबर-चूकच्या खुणा कुणालाही वाचता येतात. दोन आठवड्यांची नोंद मला दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगते.

काही खुणा दिसल्या तर मात्र वाट बघत बसायचं नाही, मोठ्या रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. पोट फुगून हिरवट उलट्या होणं. वजन न वाढणं. पायात अशक्तपणा, किंवा कमरेच्या खाली मणक्यावर खळगा अथवा केसांचा पुंजका. चीर दिसत नसताना रक्त पडणं. शी सतत फितीसारखी बारीक होणं. आणि मागचं आठवून बघा, जन्मल्यावर पहिली काळी शी व्हायला ४८ तासांहून जास्त लागले होते का, त्रास अगदी पहिल्या महिन्यापासूनचा आहे का. तसं असेल तर आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच नसांची (मज्जातंतूंची) कमतरता आहे का ते तपासावं लागतं. कधी थायरॉइडची तपासणीही करतात. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. सहा वर्षं नीट जाणारं मूल दिवाळीत बिघडलं, आणि शंभरातल्या पंच्याण्णव मुलांच्या बद्धकोष्ठतेमागे असा कुठलाच आजार नसतो.

राहिलं जावेचं बाळ. त्याचा आणि तुमच्या मुलाचा काही संबंध नाही. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला सात-आठ वेळा शी करेल किंवा आठवडाभर करणार नाही, दोन्ही चालतं. दूध ओढतंय, शू भरपूर होतेय, वजन वाढतंय, पोट मऊ आहे आणि झाली की शी मऊच असते, एवढं असेल तर सहा दिवसांनी काही बिघडत नाही. शी करताना दहा-दहा मिनिटं लालबुंद होऊन रडलं आणि मग मऊ शी झाली, तर तेही या वयात ठीक आहे. कुंथणं आणि तळ सैल सोडणं एकाच वेळी जमायला त्याला वेळ लागतो. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावणं, साबण, मध-घुटी, वरचं पाणी, यातलं काही करू नका. जावेला सांगा, बाळाचं पिणं कमी झालं, पोट टणक फुगलं किंवा उलटी हिरवी झाली तर त्याच दिवशी दवाखाना. नाहीतर पुढच्या लसीला न्याल तेव्हा वजन बघा आणि तिथल्या नर्सबाईंना विचारा.